कंपनीला काय माहीत होतं, आणि कधीपासून?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

व्यसन लावणाऱ्या आणि जिवावर उठणाऱ्या वस्तू विकणाऱ्या कंपन्यांना जाब कसा विचारायचा, या विषयावर बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझा थोरला भाऊ फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेला. घरात विषय निघाला की सगळे म्हणतात, ‘पाकिटावर धोक्याचा इशारा होता, तरी ओढत राहिला. यात कंपनीचा काय दोष?’ याला काही उत्तर आहे का?

आहे, आणि ते तुमच्या घरच्यांपर्यंत पोचायला हवं. एकच आकडा दोन निकालांत कसा उलटा झाला ते पाहा.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९८३ साली एका आजारी महिलेनं सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. पुढच्याच वर्षी ती वारली, खटला कुटुंबानं चालवला. १९८८ मध्ये ज्युरीनं ८० टक्के दोष त्या महिलेच्या माथी मारला. तिथल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त दोष स्वतःचा असेल तर भरपाई मिळत नाही, त्यामुळे तिच्या नावे एक डॉलरही मिळाला नाही. नवऱ्याला ४ लाख डॉलर देण्याचा निकाल झाला, पण अपिलात तोही टिकला नाही. १९९२ साली खटला सोडून दिला गेला, तोवर वकिलांचा खर्च त्या रकमेच्या कितीतरी पट झाला होता.

आता कॅनडा. क्युबेक प्रांतात १९९८ साली सुरू झालेल्या सामूहिक दाव्यांचा निकाल २०१५ मध्ये लागला. १९७६ पासून पुढे ज्यांनी ओढायला सुरुवात केली आणि धोके सर्वांना कळून चुकल्यावरही सोडली नाही, त्यांच्याही बाबतीत न्यायालयानं ८० टक्के दोष कंपन्यांवर आणि २० टक्के ओढणाऱ्यावर ठेवला. तीन कंपन्यांना मिळून सुमारे १,५६० कोटी कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. २०१९ मध्ये अपील न्यायालयानं हा निकाल जवळजवळ जसाच्या तसा कायम केला.

माणसं तीच, सवय तीच. मधल्या काळात कंपन्यांच्या कपाटातले कागद बाहेर आले, हा मोठा फरक. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास ब्रिटन आणि अमेरिकेत १९५० सालीच छापून आले होते. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकी सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात भेटले आणि ४ जानेवारी १९५४ ला ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापून आलं : लोकांच्या आरोग्याची काळजी आम्हाला धंद्यापेक्षा मोठी आहे, आमच्या मते आमचा माल घातक नाही. १९६३ मध्ये ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या विधी विभागाच्या प्रमुखानं अंतर्गत टिपणात लिहून ठेवलं की निकोटिन व्यसन लावतं आणि आपला धंदा निकोटिन विकण्याचाच आहे. त्यानंतर ३१ वर्षांनी, १४ एप्रिल १९९४ ला, त्याच कंपनीसह सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितलं की निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही.

म्हणून घरच्यांना इतकंच विचारा : इशारा पाकिटावर होता, पण पाकीट बनवणारा त्याच वेळी बाहेर काय सांगत होता? कायद्यातही या गोष्टी वेगळ्या धरतात. न्यू जर्सीच्या त्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये म्हटलं की कायद्यानं ठरवलेला इशारा छापला असेल तर ‘आणखी इशारा द्यायला हवा होता’ असा दावा बऱ्याच अंशी अडतो. पण जाणूनबुजून खोटं सांगणं किंवा मिळून माहिती दडवण्याचा कट करणं, यांचे दावे त्यानं अडत नाहीत. आज वकील दावा लिहितात तेव्हा इशाऱ्यावर फार वेळ घालवत नाहीत. वस्तूची रचना, दडवलेली माहिती, खोटी विधानं आणि मुलांना ओढण्यासाठी केलेली जाहिरात, या चार गोष्टींवर भर असतो.

प्रश्न : वडील कधी दिवसाला दहा, कधी पंधरा सिगारेटी ओढायचे. मध्ये दोन वर्षं सोडलीही होती. अशा दाव्यात ‘किती ओढली’ हे कसं मोजतात? कोणते कागद जपून ठेवावेत?

मोजायचं माप ‘पॅक-वर्ष’ हे आहे. रोजच्या सिगारेटींना २० नं भागा आणि तितक्या वर्षांनी गुणा. दिवसाला २० म्हणजे एका वर्षाचं एक पॅक-वर्ष. समजा एखादा माणूस सहा वर्षं रोज १० ओढत होता : ३ पॅक-वर्षं. पुढची १४ वर्षं रोज १५ : साडेदहा. एकूण साडेतेरा. सोडलेली दोन वर्षं यात धरायची नाहीत.

क्युबेकच्या निकालात कर्करोगासाठी किमान १२ पॅक-वर्षांची अट होती. म्हणजे १२ गुणिले ३६५ गुणिले २०, एकूण ८७,६०० सिगारेटी. हा उंबरठा हवेतून आलेला नाही. इतकी ओढल्यावर त्या माणसाचा कर्करोग सिगारेटीमुळेच झाला असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, असं साथरोगशास्त्राच्या तज्ज्ञानं आकडेवारीनिशी मांडलं होतं. दिवाणी दाव्यात ‘निम्म्याहून अधिक शक्यता’ हेच पुराव्याचं माप असतं. एकेका रुग्णाला न तपासता हजारो लोकांचा दावा एकदम चालवता आला तो यामुळे.

अशा दाव्यांचं घोडं बहुतेक वेळा कागदांपाशी अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बायॉप्सीचा मूळ अहवाल मिळवा. ‘फुफ्फुसात गाठ’ एवढ्यावर भागत नाही. कर्करोग फुफ्फुसातच सुरू झाला की दुसरीकडून तिथे पसरला, हे त्या अहवालातूनच ठरतं, आणि दुसरीकडून आलेला असेल तर दावा सहसा बसत नाही. निदानाची तारीख असलेला पहिला कागद वेगळा काढा, कारण दावा लावायची मुदत पुष्कळदा त्या तारखेपासून मोजतात. रुग्णालयं जुने कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा प्रती आताच मागा, लेखी अर्ज करून आणि पोच घेऊन.

मग दवाखान्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. एका कागदावर ‘अधूनमधून ओढतात’, दुसऱ्यावर ‘रोज एक पाकीट, २५ वर्षं’ असं हमखास सापडतं. घाबरलेला माणूस पहिल्या भेटीत कमी सांगतो, डॉक्टर घाईत लिहितात. समोरचा वकील नेमका पहिला कागद पुढे करतो. रुग्ण हयात असेल तर डॉक्टरांना खरा आकडा सांगून नव्यानं नोंद करून घ्या : कितव्या वर्षी सुरुवात, कोणत्या काळात किती, कोणता ब्रँड, कितीदा सोडायचा प्रयत्न केला, तेव्हा काय त्रास झाला. सोडायचे फसलेले प्रयत्न लोक लाजेनं लपवतात. ते व्यसनाचा सगळ्यात सरळ पुरावा आहेत. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांची चिठ्ठी, व्यसनमुक्ती केंद्राची पावती, सगळं ठेवा.

प्रश्न : ‘लाइट’ सिगारेटी आणि नंतर आलेली व्हेप उपकरणं (ई-सिगारेटी) ही कमी घातक म्हणूनच आली ना? मग रचनेत दोष आहे असं कसं म्हणता येईल?

‘लाइट’ सिगारेटीचा फिल्टर उजेडात धरून पाहा. तोंडात धरायच्या टोकापासून साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरवर टोचल्यासारख्या बारीक छिद्रांची रांग गोल फिरलेली दिसेल. धुरातलं डांबर (टार) मोजणारं यंत्र ठरावीक पद्धतीनं ओढतं : मिनिटाला एक झुरका, ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा. छिद्रांतून बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो आणि आकडा कमी निघतो. माणूस मात्र बोटांनी, ओठांनी तीच छिद्रं नकळत दाबतो, खोल आणि जास्त झुरके घेतो, कारण त्याच्या मेंदूला रोजचं निकोटिन हवं असतं. यंत्राला कमी मिळतं, माणसाला तितकंच. छिद्रं बुजवून, ५५ मिलिलिटरचा झुरका दर अर्ध्या मिनिटाला घेऊन मोजलं की तीच सिगारेट ‘लाइट’ राहत नाही. मोजणीची ही कडक पद्धत कॅनडानं लागू केली.

कंपन्यांना हे माहीत होतं, असं अमेरिकी संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी १७ ऑगस्ट २००६ च्या १,६०० हून अधिक पानांच्या निकालात नोंदवलं. संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली कंपन्यांना दोषी धरलं आणि ‘लाइट’, ‘लो टार’ हे शब्द वापरायला मनाई केली. कंपन्यांनी स्वखर्चानं खुलासे प्रसिद्ध करावेत असाही आदेश होता. अपिलांवर अपिलं होऊन ते खुलासे टीव्ही आणि वर्तमानपत्रांत यायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. त्यात कंपन्यांना स्वतःच्या नावानं सांगावं लागलं की व्यसन लागावं आणि टिकावं एवढं निकोटिन मिळेल अशीच सिगारेटीची रचना आम्ही मुद्दाम केली.

व्हेपमधला मुद्दा रसायनाचा आहे. साधं, मुक्त रूपातलं निकोटिन जास्त प्रमाणात ओढलं तर घशाला झोंबतं. त्यात बेंझॉइक आम्ल घालून क्षार बनवला की झोंबणं कमी होतं आणि नवख्या मुलालाही मोठी मात्रा सहज ओढता येते. जूल कंपनीच्या अमेरिकेतल्या कुपीत मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होतं. युरोपीय संघाची कमाल मर्यादा २० आहे. ‘कमी घातक’ हे वाक्य जुन्या ओढणाऱ्यासाठी खरं ठरू शकेल. ज्या मुलानं कधी सिगारेटीला हात लावला नव्हता, त्याला ते लागू नाही. २०२२ मध्ये जूलनं अमेरिकेतल्या ३३ राज्यांशी आणि पोर्तो रिकोशी ४३.८५ कोटी डॉलरची तडजोड केली. तिच्यातली एक अट आम्हाला रकमेपेक्षा मोलाची वाटते : जाहिरातीत ३५ वर्षांखालची व्यक्ती दाखवायची नाही.

प्रश्न : तेरा वर्षांची मुलगी रात्री दोनपर्यंत व्हिडिओ ॲपवर असते. मुलगा गेममध्ये पैसे घालवतो. ॲप ही काही ‘वस्तू’ नाही. मग कंपनीवर जबाबदारी येते का? आणि आम्ही आज काय करावं?

पाणी मुरतं ते ‘मजकूर’ आणि ‘रचना’ यांच्या मधल्या रेषेवर. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुरापासून कंपनीला संरक्षण देतं. म्हणून दावे आता कंपनीनं स्वतः घडवलेल्या भागांवर लावतात : कधीच न संपणारी यादी, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, एक दिवस चुकला की तुटणारी रोजच्या वापराची साखळी, मध्यरात्रीच्या सूचना. गाडीचा वेग फोटोवर दाखवणाऱ्या स्नॅपच्या फिल्टरबाबत अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं २०२१ मध्ये हाच भेद मानला आणि दावा पुढे चालू दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० हून अधिक राज्यांनी मुलांना गुंतवून ठेवणाऱ्या रचनेवरून फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीवर दावे लावले.

युरोपीय संघात नियामकानंच पाऊल उचललं. टिकटॉक लाइटमध्ये व्हिडिओ पाहिल्याबद्दल गुण मिळत आणि त्यांवर बक्षिसं. युरोपीय आयोगानं एप्रिल २०२४ मध्ये चौकशी उघडली आणि ऑगस्टमध्ये कंपनीनं ही योजना युरोपीय संघातून कायमची मागे घेण्याची बंधनकारक हमी दिली. साडेतीन महिन्यांत. युरोपीय संघाच्या ज्या डिजिटल सेवा कायद्याखाली हे झालं, त्यात जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता घरचं काम. रागाच्या भरात खातं बंद करू नका किंवा ॲप काढून टाकू नका. पुरावा तिथेच आहे. आधी सेटिंगमधून ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ हा पर्याय शोधा. लॉग-इनच्या वेळा, पाहिलेलं, खरेदी, कंपनीनं बांधलेले आवडीनिवडीचे अंदाज यांतलं बरंच काही त्या फाइलमध्ये असतं. युरोपीय कायद्यानुसार ही माहिती मागितल्यावर सहसा महिन्याच्या आत द्यावी लागते. फाइल तयार झाली की तिचा दुवा थोडेच दिवस चालतो, तेव्हा लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. फोनमधला वापराचा अहवाल थोड्याच आठवड्यांपर्यंत मागे जातो; दर रविवारी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा हवा, वेळ-तारीख दिसणारा. मेसेजिंग ॲपवरून स्वतःलाच पाठवून ठेवू नका. त्यात चित्र दाबलं जातं आणि फाइलमधली मूळ तारीख निघून जाते. झोप, शाळेतली गैरहजेरी, डॉक्टरांच्या भेटी यांची नोंद त्याच तारखांना जुळेल अशी ठेवा.

गेममधल्या पैशांबाबत एक सावधगिरी. बँकेकडे रक्कम परत मागितली की काही कंपन्या खातंच कुलूपबंद करतात. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ठेवलेल्या आरोपांत हाही होता, शिवाय चुकून खरेदी व्हावी अशी बटणांची मांडणी केल्याचाही. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांना परत देण्यासाठी कंपनीनं २४.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. म्हणून क्रम असा ठेवा : पावत्या आणि खात्याची माहिती उतरवणं, मग कंपनीला लेखी मागणी, मग बँक. ‘ही अंतिम तडजोड आहे’ अशा मजकुरावर थोड्या पैशांसाठी ‘मान्य’ दाबू नका. अटींमध्ये ‘लवाद’ हा शब्द शोधा; म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याची अट. काही ठिकाणी खातं उघडल्यावर ठरावीक दिवसांत, बहुधा ३० दिवसांत, त्यातून बाहेर पडता येतं आणि ती मुदत बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. एक तंबाखू कंपनी आमच्या शाळेत ‘व्यसनापासून दूर राहा’ असा उपक्रम स्वखर्चानं करू इच्छिते. घ्यावा का?

घेऊ नका. फिलिप मॉरिसनं १९९८ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी अशीच मोठी मोहीम चालवली. २००२ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की ती पाहिलेल्या मुलांचा ओढून बघण्याकडे कल उलट जास्त होता. ‘हे मोठ्यांचं काम आहे’ असं सांगितलं की मुलाला ते मोठं होण्याचं लक्षण वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात, जो फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे, कलम ५.३ तंबाखू उद्योगाला आरोग्यधोरणापासून दूर ठेवायला सांगतं, आणि त्याखालची मार्गदर्शक तत्त्वं अशा ‘समाजकार्या’ला थारा देऊ नका म्हणतात. नकाराच्या पत्रात या कलमाचा उल्लेख करा. वरिष्ठांनाही ते पुरेसं कारण वाटतं. त्याच करारातलं कलम १९ कंपन्यांच्या कायदेशीर जबाबदारीबद्दल आहे, आणि ते फारच कमी वापरलं जातं.

प्रश्न : बातमीत हजारो कोटींच्या तडजोडी दिसतात. पीडितांच्या पदरात काय पडतं? आणि कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली तर? शिवाय, मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. जुने कागद स्वतः तपासता येतात का?

बातमीतला आकडा बाजूला ठेवा आणि अटी वाचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांनी अमेरिकेतल्या ४६ राज्यांना २५ वर्षांत सुमारे २०,६०० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. हे पैसे व्यसनमुक्तीवरच खर्च करा, असं बंधन मात्र नव्हतं. अनेक राज्यांनी ते अंदाजपत्रकातली भोकं बुजवायला वापरले, काहींनी पुढच्या हप्त्यांवर रोखे काढून पैसा आधीच उचलला. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या वेळी हा धडा लक्षात ठेवला गेला : तीन वितरक कंपन्या आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी २०२२ मध्ये पक्क्या झालेल्या २,६०० कोटी डॉलरच्या तडजोडीत किमान ८५ टक्के रक्कम संकट निवारणावरच खर्च व्हावी अशी अट घातली.

दिवाळखोरी म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण ती कंपनीच्या हातातली जबरदस्त ढाल आहे. अर्ज झाला की सगळे खटले जागच्या जागी थांबतात. कॅनडातल्या त्या तीन कंपन्यांनी २०१९ मध्ये अपील हरताच धनकोंपासून संरक्षण मागितलं; ३,२५० कोटी कॅनेडियन डॉलरच्या आराखड्याला मंजुरी मिळाली मार्च २०२५ मध्ये. तोवर किती दावेदार उरले नव्हते याचा विचार मनातून जात नाही. अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड औषध बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीच्या बाबतीत मालक सॅकलर कुटुंबानं २००८ ते २०१६ दरम्यान कंपनीतून सुमारे १,१०० कोटी डॉलर काढून घेतले होते. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर, स्वतः दिवाळखोर नसताना, काही रक्कम देऊन त्यांना सगळ्या दाव्यांतून कायमची सुटका हवी होती. पीडितांच्या संमतीशिवाय अशी सुटका देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ जून २०२४ ला पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. त्यानंतर ठरलेली तडजोड ७४० कोटी डॉलरची, म्हणजे आधीपेक्षा मोठी होती. पीडितांनी एक लक्षात ठेवावं : दिवाळखोरीत दावा नोंदवायची शेवटची तारीख जाहीर होते, आणि वेगळा खटला आधीपासून चालू असला तरी ती नोंद सहसा वेगळीच करावी लागते. तारीख हुकली की हक्क बहुधा गेला.

कागदांबद्दल : मिनेसोटा राज्याच्या १९९८ च्या खटल्यात आणि तडजोडीत कोट्यवधी पानं खुली करून घेतली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या ‘इंडस्ट्री डॉक्युमेंट्स लायब्ररी’त ती कोणालाही मोफत वाचता येतात, ओपिऑइड आणि साखर उद्योगाचे कागदही तिथे आहेत. ‘व्यसन’, ‘कर्करोग’ असे उघड शब्द टाकून थांबू नका. आतली माणसं असे शब्द टाळत. एका ब्रिटिश कंपनीच्या १९५७ च्या टिपणात फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी ‘झेफिर’ हा सांकेतिक शब्द आहे. निकोटिनच्या परिणामाला ‘इम्पॅक्ट’, ‘सॅटिस्फॅक्शन’ म्हणत. एक कागद सापडला की त्यावरची तारीख, लिहिणारा, ज्यांना प्रत गेली त्यांची नावं टिपा आणि त्या नावांनी पुन्हा शोधा. तो मसुदा आहे की पाठवलेलं पत्र, हे तपासल्याशिवाय त्यावर विधान करू नका. प्रत्येक पानाच्या कडेला छापलेला अनुक्रमांक उतरवून घ्या. त्याच्या पुढचे-मागचे आकडे टाकले की त्याच फायलीतली शेजारची पानं पुष्कळदा हाती लागतात, आणि मूळ टिपणाला आलेलं उत्तर तिथेच असू शकतं.